घरचें आरोग्य : उतरलेलें वजन आणि सैल दंड

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीचें पत्र इतकें सविस्तर व मोकळें आहे कीं, या महिन्याचा विषय त्या पत्रानेंच ठरविला. या बाईंचें वय ४३. चार वर्षांपूर्वीं मधुमेह निघाला, डॉक्टरांनीं बजावलें आणि त्यांनींहि मनावर घेतलें. दोन वर्षांत त्यांचें वजन ९४ किलोंवरून ५८ किलोंवर आलें, आणि गेले पांच महिने तें तेथेंच स्थिर आहे. रक्तांतील साखर ताब्यांत आली, गुडघे दुखावयाचे थांबले, तीन जिने त्या आतां न थांबतां चढतात. इतकें झाल्यावर पत्र आनंदाचें असावयास हवें होतें; तें तसें नाहीं. हात उचलला कीं दंडाखालीं कातडी लोंबते, पोळ्या लाटतांना ती हलते, आणि कोणी पाहूं नये म्हणून पाहुणे आले कीं त्या लाटणें जावेच्या हातीं देतात. येत्या मार्गशीर्षांत, म्हणजे आजपासून सहा महिन्यांनीं, पुतणीचें लग्न आहे. त्यापूर्वीं कोणत्या व्यायामानें दंड पूर्ववत् होतील, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं मात्र प्रश्न नाहीं, नुसती एक ओळ आहे : “सासूबाई परवां म्हणाल्या, आधींचीच बरी दिसत होतीस, आणि मलाहि आतां वाटूं लागलें आहे, थोडें वजन पुन्हां वाढूं द्यावें.”

प्रश्नाचें उत्तर देणें सोपें आहे. या शेवटच्या ओळीचें उत्तर मात्र जरा विस्तारानेंच दिलें पाहिजे.

प्रथम, जें लोंबतें तें काय आहे हें पाहूं. आरशासमोर उभें राहून हात खांद्याच्या रेषेंत बाजूला पसरावा, कोपर वळवून पंजा वर करावा, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटींत दंडाच्या खालची वळी धरावी. वळी जाड, भरीव व बोटांना जड लागली तर तेथें अद्याप चरबी आहे. ती पातळ असेल, जुन्या मऊ लुगड्याच्या निऱ्यांसारखी चिमटींत गोळा होत असेल, तर चरबी बहुतेक गेली असून मागें राहिली आहे ती कातडी. पुष्कळींच्या दंडावर दोन्ही थोडथोडीं असतात. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें कित्येक बायका आधींच रिकाम्या झालेल्या दंडासाठीं आणखी उपाशी राहतात. त्यानें दंड आणखी रिकामा होतो, आणि जें सैल आहे तें अधिकच सैल दिसूं लागतें.

कातडी मागें कां जात नाहीं? वरच्या पातळ पापुद्र्याखालीं अंतस्त्वचेचा जाड थर असतो व त्यांत दोन जातींचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू ताण सोसतात. इलॅस्टिनचे तंतू ताण सुटल्यावर कातडीला पूर्वस्थितीवर आणतात. इलॅस्टिन शरीर मुख्यत्वें जन्मापूर्वीं व बालपणांत तयार करतें, आणि पुढें आयुष्यभर बव्हंशीं तोच सांठा पुरवावयाचा असतो. कातडी दहा-पंधरा वर्षें ताणलेली राहिली म्हणजे हे तंतू जागोजागीं तुटतात, विस्कटतात. शिवाय ती नुसती ताणलीच जात नाहीं. आंतील चरबीला पुरावें म्हणून ती वाढतेहि. परकराच्या कमरेचें इलॅस्टिक महिनाभर ताणून ठेवलें तर सोडल्यावर आवळतें. दहा वर्षें ताणलें तर परकर नवा असला तरी नाडीच घालावी लागते. कातडीला नाडी नाहीं, एवढीच अडचण.

हें सर्वांगाला लागू असतां दंडच कां अधिक दिसतात? दंडाच्या आंतल्या व मागल्या अंगाची कातडी मुळांत पातळ व नाजूक असते. तिला आंतून सांभाळणारा एक पडदा काखेंतील व छातीच्या वरच्या भागांतील पडद्यांना जोडलेला असतो. वयानें व वजनाच्या चढउतारानें हा आधार सैल पडला कीं काखेपासून कोपरापर्यंत कातडी झोळीसारखी लोंबूं लागते. पोटाची कातडी लुगड्याखालीं झांकली जाते. दंड दिवसभर कामांत असतात, सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात.

कोणाची कातडी किती मागें जाईल हें पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतें : वय, किती वर्षें स्थूलपणा होता, किती वजन उतरलें, उन्हांत वावर किती, तंबाखूचें व्यसन आहे कीं नाहीं, आणि आईबापांकडून कातडी कशी मिळाली. पंचविशींतल्या मुलीनें बाळंतपणानंतर दहा किलो उतरविले तर तिच्या दंडावर खूणहि राहणार नाहीं. चाळिशीनंतर ३६ किलो उतरविलेल्या स्त्रीच्या दंडावर खूण राहणारच. वजन स्थिर झाल्यावर पहिलें वर्ष-दीड वर्ष कातडी कांहींशी आवळते. त्यानंतर जें राहील तें राहील असें समजावें.

यावरून एक गोष्ट उघड होते. सैल कातडी हा या बाईंच्या प्रयत्नांतील दोष नव्हे. त्यांनीं कांहीं कमी केलें किंवा चुकीचें केलें म्हणून ती उरलेली नाहीं. ३६ किलो खरोखर उतरले म्हणून ती उरली आहे.

आतां सासूबाईंचें बोलणें. त्यांच्या मनांत वाईट असेल असें आम्हांला वाटत नाहीं. आपल्या घरांतून भरलेलें अंग म्हणजे खात्यापित्या घरचें लक्षण, आणि “वाळलीस ग!” हा काळजीचा उद्गार, अशी जुनी समजूत आहे. ज्या पिढीनें क्षयानें व विषमज्वरानें माणसें सुकतांना पाहिलीं तिची ती समजूत अकारणहि नव्हती. परंतु आज मधुमेहाच्या घरांत तीच समजूत उलटी पडते. चेहरा थोडा उतरलेला दिसतो, गळ्यावर व दंडांवर सैलपणा येतो, आणि बघणाऱ्याला वय वाढल्यासारखें वाटतें. साखर उतरली, रक्तदाब उतरला, यकृतावरची चरबी घटली, हें त्याच्या डोळ्यांना दिसण्यासारखें नसतें. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं तपासणीचे जुने-नवे कागद एकदां शेजारीं ठेवून वाचावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. नवरे मंडळींनाहि तीच विनंती. पत्रांत त्यांचा उल्लेखच नाहीं, आणि तो नसणें आम्हांला बोलकें वाटलें.

वजन पुन्हां वाढूं देण्याचा विचार मात्र मनांतून समूळ काढून टाकावा. तें कोठें वाढावें हें आपल्या हातीं नसतें. दंड थोडा भरेल, पण त्याआधीं बहुधा पोट भरेल आणि साखर तर त्याच्याहि आधीं वर जाईल. उद्यां पुन्हां वजन उतरविण्याची पाळी आली तर दुसऱ्यांदा ताणलेली कातडी पहिल्यापेक्षां अधिक सैल पडेल. दंड भरावयाचा असेल तर चरबीनें भरूं नये, स्नायूनें भरावा.

हा प्रश्न यापुढें अधिक घरांत उभा राहणार आहे. टिर्झेपाटाइडसारखीं, आठवड्यास एकदां टोचून घ्यावयाचीं औषधें सन २०२५ पासून भारतांतहि मिळूं लागलीं आहेत, आणि जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियाहि मोठ्या शहरांतून नित्याच्या झाल्या आहेत. या दोन्ही मार्गांनीं वजन पुष्कळ व लवकर उतरतें, आणि उतरतांना चरबीबरोबर थोडें मांसहि जातें. तें जाऊं न देण्याची काळजी वजन उतरत असतांनाच घेतली पाहिजे. त्यासाठीं व्यायाम व आहार या दोन्हींचा विचार करूं.

दंडाच्या मागल्या बाजूस तीन शिरांचा एक स्नायु आहे. ट्रायसेप्स त्याचें नांव. दंडाच्या एकंदर मांसापैकीं सुमारें दोन तृतीयांश मांस एकट्या याचें. बेटकुळी दाखविणारा पुढचा स्नायु प्रसिद्ध, पण दंडाचा आकार राखतो तो हा मागचा. तो भरला म्हणजे त्यावरची कातडी थोडी ताणली जाते व लोंब कमी दिसते. नाहींशी होत नाहीं, हें येथेंच स्पष्ट सांगून ठेवतों. कोणत्याहि व्यायामानें कातडी कापली जात नाहीं. आणि एका जागेचा व्यायाम करून त्याच जागेची चरबी जाते, हीहि केवळ समजूत आहे.

आपल्या भाषेनें अवयवाला व व्यायामाला एकच नांव दिलें आहे, तें उगीच नव्हे : तालमींतले दंड हा या स्नायूचाच व्यायाम. बायकांनीं एकदम जमिनीवरचे दंड काढावे असें आम्ही म्हणत नाहीं. भिंतीपासून दीड हातावर उभें राहून तळवे भिंतीस टेकावे, कोपरें अंगालगत ठेवून छाती भिंतीकडे न्यावी व मागें यावें. हें बारा वेळां सहज जमूं लागलें कीं भिंतीऐवजीं ओट्याचा कांठ घ्यावा, आणि पुढें गुडघे टेकून जमीन. दुसरा प्रकार बाटलीचा. पाण्यानें भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचें वजन. ती दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून कोपरांत वांकवीत मानेमागें न्यावी व पुन्हां सरळ वर करावी; दंड कानांलगत स्थिर असावे. तिसरा प्रकार ओढण्याचा : कमरेंत किंचित् वांकून बाटली जमिनीकडून बरगडीपर्यंत ओढावी, यानें पाठ व खांदे भरतात आणि उभें राहण्याची ढब सुधारते. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळां, मध्यें विसावा घेऊन दोन-तीन फेऱ्या, आणि असें आठवड्यांतून दोन किंवा तीन दिवस. रोज करूं नये. स्नायु भरतो तो विश्रांतीच्या दिवशीं. बारा वेळां करूनहि दम लागेनासा झाला कीं वजन वाढवावें. एक किलोची बाटली वर्षभर उचलणाऱ्या बाईचे दंड वर्षानंतरहि एक किलोपुरतेच राहतात.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तेव्हां बायकांनाहि त्यांत आवर्जून घेतलें. साष्टांग स्थितींत अंग सावकाश खालीं नेतांना हाच स्नायु भार तोलतो. म्हणून घाईनें शंभर घालण्यापेक्षां सावकाश बारा घालावे, त्यांत दंडांचें काम अधिक होतें. “हात पुरुषी होतील” ही भीति कोणीं बाळगूं नये. तसे हात कमावण्यास पुरुषांनासुद्धां वर्षानुवर्षें घाम गाळावा लागतो.

एक सूचना मात्र आहे. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचा विकार पुष्कळ आढळतो. हात मागें नेऊन पोलक्याचीं बटणें लावतांना कळ येत असेल, तर बाटलीचा व्यायाम सुरू करण्यापूर्वीं डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवावा. फरक तीन-चार महिन्यांनीं दिसूं लागतो, त्याआधीं नाहीं.

व्यायाम केला आणि ताटांत प्रथिन नसलें तर स्नायु कशानें बांधावयाचा? आमच्या शाकाहारी घरांची येथेंच पंचाईत होते. वरण असतें, पण पळीभर आणि पातळ. भात व पोळी पोटभर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागें दिवसास ०·८३ ग्रॅम प्रथिन लागतें. ५८ किलोंच्या बाईस तें सुमारें ४८ ग्रॅम होतें. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना निदान ६० ग्रॅम घ्यावयास सांगतात. आतां हिशेब पाहा. कोरडी डाळ किंवा कडधान्य ६० ग्रॅम घेतलें तर १३-१४ ग्रॅम प्रथिन मिळतें. अर्धा लिटर दूध अथवा त्याचें दहीं यांतून सुमारें १६. पोळीभाकरीच्या १०० ग्रॅम पिठांतून सुमारें १०. मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून सहा. बेरीज ४५-४६ ग्रॅम झाली. पण घरांतील किती बायका दिवसांत अर्धा लिटर दूध स्वतःच्या वाट्यास ठेवतात? सर्वांचें जेवण झाल्यावर पातेल्यांत राहिलेल्या वरणावर ज्यांचें भागतें त्यांनीं हा हिशेब एक आठवडा वहींत मांडून पाहावा. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मुगाचें धिरडें, पिठलें, पनीर, सोयाबीन मिसळलेलें पीठ, असे साधे उपाय आहेत. परक्या डब्यांतील भुकटी त्यानंतर. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनाचें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

उपवासाविषयींहि एक शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिन नांवापुरतेंच, आणि साखर मात्र झपाट्यानें वर जाते. उपवास मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. साबुदाण्याऐवजीं बेताची भगर, तिच्यावर दाण्याची आमटी आणि ताक घ्यावें. मधुमेहाचीं औषधें चालूं असतील तर निर्जळी किंवा निराहार उपवास वैद्यांना विचारल्यावांचून करूं नये.

तेलें, मलमें व यंत्रें यांचा निकाल थोडक्यांत लावतों. कोलॅजेनच्या मलमांतील कोलॅजेनचा रेणु इतका मोठा असतो कीं तो कातडीच्या वरच्या पापुद्र्यांतून आंत शिरत नाहीं. मलम लावल्यानें वरची कातडी मऊ राहते, आणि तेवढें काम खोबरेल तेलहि करतें. रेडिओलहरींनीं कातडी तापवून आवळणारीं यंत्रें थोडा सैलपणा असेल तेथें थोडा गुण देतात. तीस-पस्तीस किलो उतरल्यावर लोंबणाऱ्या कातडीला तीं पुरीं पडत नाहींत, मग जाहिरातींत कोणतींहि छायाचित्रें असोत.

पैशापेक्षां कातडीच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावें. कोंकणच्या दमट हवेंत वळींत घाम सांचतो, कातडीला कातडी घांसते व ती लाल होते. आंघोळीनंतर वळी उचलून सुती पंचानें नीट टिपावी. गजकर्ण झाल्यास औषधाच्या दुकानांतून विचारल्यावांचून मिळणारीं मिश्र मलमें लावूं नयेत. त्यांपैकीं पुष्कळांत स्टिरॉइड असतें. त्यानें आग दोन दिवस शमते आणि गजकर्ण मात्र आंतून पसरतो व हट्टी होतो.

लग्नाच्या पोलक्याचें काय, हाहि प्रश्न क्षुल्लक नाहीं. आमच्याकडे जुन्या पोलक्यांना आंतून टीप मारून तींच वापरण्याची रीत आहे. ३६ किलो उतरल्यावर ती रीत चालत नाहीं. खांदा उतरतो, मुंढा मोठा पडतो, आणि काखेंत जमलेलें कापडच कातडीला घांसूं लागतें. नवें माप द्यावें. माप देतांना हात लोंबता न ठेवतां एकदां वर उचलूनहि घ्यावयास सांगावा. बाही कोपराच्या किंचित् वर संपावी. दंडाच्या मध्यावर, जेथें लोंब सर्वांत अधिक, तेथें बाहीचा कांठ आला तर नजर नेमकी तेथेंच जाते. बाही घट्ट नको, अस्तराची व जरा अंग असलेल्या कापडाची हवी. चापून बसणाऱ्या बाहीच्या खालून कातडी वळकटीसारखी बाहेर येते. या लग्नापुरता उपाय हाच आहे, आणि तो पुरेसा आहे. शस्त्रक्रिया लग्नासाठीं करूं नये. कां, तें आतां सांगतों.

जास्तीची कातडी काढून टाकण्याचा खरा उपाय एकच, शस्त्रक्रिया. तिला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. दंड सुडौल करण्यासाठीं केलेल्या या शस्त्रक्रियेचें वर्णन अर्जेंटिनांतील कोरेया-इतुरास्पे व फर्नांडेझ यांनीं १९५४ सालीं केलें. पुढें १९९० च्या दशकांत अमेरिकेंतील टेड लॉकवुड यांनीं आंतल्या आधाराच्या पडद्याची रचना समजावून देऊन, नुसती कातडी न ओढतां तो पडदा टांक्यांनीं पक्का बांधण्याची पद्धति घातली. कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागीं बसविण्याची विद्या आमच्याकडे त्याहून कितीतरी जुनी. पुण्याच्या एका देशी कारागिरानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिल्याचा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापून आला, आणि त्यावरून युरोपांतले शल्यवैद्य ती कृति शिकले. परंतु नाक नसलेल्या माणसाचा प्रश्न आणि आपल्या पत्रलेखिकेचा प्रश्न एकच नव्हे. येथें शस्त्रक्रिया बव्हंशीं इच्छेची आहे, म्हणून ती अधिक विचारानें करावयाची.

साधारणपणें रुग्णास पूर्ण भूल देऊन काखेपासून कोपराजवळपर्यंत, दंडाच्या आंतल्या किंवा मागल्या अंगास लांबट चीर घेतात, जास्तीची कातडी व राहिलेली चरबी काढतात व कांठ शिवतात. दोन-तीन तासांचें काम. सैलपणा काखेजवळच असेल तर चीर काखेपुरती आंखूड घेतां येते. पुष्कळ वजन उतरलेल्यांस ती सहसा पुरत नाहीं. म्हणजे व्यवहार असा आहे : कातडी द्यावयाची आणि लांब व्रण घ्यावयाचा. तो व्रण पहिले कित्येक महिने लाल व उठलेला असतो, आणि फिकट होण्यास वर्ष किंवा अधिक लागतें. आपल्या वर्णाच्या कातडीवर व्रण काळसर राहण्याचा किंवा जाड होण्याचा संभव अधिक. ज्यांच्या कान टोंचल्याच्या जागीं गांठ आली असेल त्यांनीं तें शल्यवैद्यांना पहिल्याच भेटींत सांगावें. सहा महिन्यांनीं लग्न असेल तर लोंबत्या कातडीऐवजीं लाल व्रण घेऊन मांडवांत जावें लागेल. यासाठींच वर नको म्हटलें.

धोके लहान आहेत असें समजूं नये. टांक्यांचा कांठ मध्येंच उसवणें, जखमेखालीं पाणी सांचणें, जंतुदोष, सूज रेंगाळणें हे प्रकार घडतात. बहुतेक बरे होतात, पण आठवडे घेतात. दंडाच्या आंतल्या बाजूनें एक स्पर्शाची शीर जाते. ती दुखावली तर कोपराच्या आंतल्या अंगापासून मनगटाकडे बधिरपणा येतो व क्वचित् तो कायमचा राहतो. पायांतील रक्त गोठण्याचा धोका कोणत्याहि मोठ्या शस्त्रक्रियेप्रमाणें येथेंहि आहे. स्तनाच्या कर्करोगासाठीं काखेंतील गांठी काढलेल्या स्त्रियांनीं तर हा विचार कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूंच नये, कारण हाताला सूज येण्याची भीति त्यांना आधींच असते. कातडीचा जुना लवचिकपणा परत येत नसल्यानें शस्त्रक्रियेनंतरहि ती थोडी सैल पडते, हेंहि ठाऊक असावें.

वेळ कोणती? वजन निदान तीन ते सहा महिने स्थिर असावें. जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिला वर्ष-दीड वर्ष लोटलेलें असावें. हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ जीवनसत्त्व व प्रथिन यांची तपासणी करून उणीव आधीं भरून काढावी, कारण जखम भरते ती यांवरच. साखर ताब्यांत हवी. तंबाखू कोणत्याहि रूपानें चालूं असेल, सिगारेट असो, तपकीर असो कीं दांतांना लावावयाची मिश्री असो, ती शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधीं बंद झाली पाहिजे. तंबाखूनें कातडीचा रक्तपुरवठा आवळला जातो व जखमेचे कांठ मरतात. घरांतील वडील बायकांची मिश्री डॉक्टरांपासून लपविली जाते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

शल्यवैद्य निवडतांना त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे ना हें विचारण्यांत संकोच नको. ही शस्त्रक्रिया त्यांनीं किती वेळां केली आहे, आणि वर्षानंतरच्या व्रणांचीं छायाचित्रें दाखवतील का, हेंहि विचारावें. आठवड्यानंतरचीं छायाचित्रें सर्वांचींच चांगलीं असतात. सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यांतून सामान्यतः मिळत नाहीं. वळींत वारंवार जखमा होणें असें वैद्यकीय कारण असेल तर तें कागदोपत्रीं नोंदवून, विमा कंपनीस आधीं लेखी विचारावें. मोठ्या सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतूनहि प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. सल्ला तेथेंहि मिळतो.

कोणी शस्त्रक्रिया न करण्याचें ठरविलें तर त्यांत कांहींच उणें नाहीं, आणि करण्याचें ठरविलें तर तो छचोरपणाहि नव्हे. काखेंत सतत जखमा होत असतील, हात उचलण्याचीच लाज वाटून माणसांत जाणें थांबलें असेल, तर वर्षभर व्यायाम करून, सर्व बाजू समजून घेऊन केलेला निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. पत्रलेखिका भगिनींना आमचें सांगणें असें कीं, पुढील वर्षाच्या मार्गशीर्षापर्यंत व्यायाम व आहार नेटानें चालवावा आणि मग आरशासमोर तीच चिमटी पुन्हां घेऊन पाहावी.

शस्त्रक्रिया ठरलीच तर घरची तयारी आधीं झाली पाहिजे. त्यानंतर कांहीं आठवडे दंडांवर दाब देणाऱ्या बाह्या घालाव्या लागतात, आणि साधारण चार ते सहा आठवडे जड उचलणें, हात ताणून फळीवरचे डबे काढणें, कणीक तिंबणें, धुणें पिळणें हें सर्व वर्ज्य. पहिल्या आठवड्यांत वेणीसुद्धां दुसऱ्या कोणीतरी घालावी लागते. तेवढ्या दिवसांत पाणी कोण भरील, पोळ्या कोण करील, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळील, हें शल्यवैद्यांकडून तारीख घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं, पुरुषांनीं धरून, एकत्र बसून ठरवावें.